पाच छंद, पाच नेम आणि दिवसातले अडीच तास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. नोकरी आहे, घरी दोन वर्षांची मुलगी आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही पाच नेम एकदम धरले: अर्धमॅरेथॉनसाठी रोज पळणं, बासरीचा अर्धा तास रियाज, रोज एक रेखाटन, वर्षभरात ५० पुस्तकं आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर एक नवी भाषा. नऊ आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग मुलगी आजारी पडली, आठ दिवस सगळं बंद राहिलं, आणि आता महिना उलटला तरी पाचातली एकही गोष्ट पुन्हा सुरू झालेली नाही. यातलं काय सोडू, की वेळापत्रक आणखी काटेकोर करू, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली १९ वर्षं मोठ्या माणसांना चित्रकला शिकवते. नोकरी, संसार सांभाळून येणारी माणसं. चित्राशिवाय प्रत्येकाचं आणखी काहीतरी चालू असतंच, त्यामुळे तुमचा प्रश्न वेगवेगळ्या वेषात दरवर्षी माझ्यासमोर येतो. मी स्वतः पळते, आणि एक भाषा शिकते आहे, तेव्हा यातलं बरंचसं मी स्वतःवरही करून पाहिलेलं आहे.

तुम्ही जे लिहिलंय त्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: आता बासरीकडे नजर गेली तरी कोणाचं तरी देणं थकल्यासारखं वाटतं. आठ दिवसांच्या खंडाने छंद बंद पडत नाहीत. त्या आठ दिवसांचा हिशेब आता चुकता करायचा आहे, या भावनेने पडतात. आठ रेखाटनं, चार तासांचा रियाज, पावणेतीनशे पानं, आठ दिवसांचं पळणं, भाषेचे आठ धडे. एवढी थकबाकी घेऊन कोणीही बासरीची पेटी उघडणार नाही. आणि ही थकबाकी साठली ती पाचही गोष्टींवर तुम्ही ‘रोज’ हा शब्द लिहिला होता म्हणून.

आधी साधा हिशेब करू. पळणं ४० मिनिटं, बासरी ३०, रेखाटन २०, भाषा १५. ५० पुस्तकं, सरासरी २५० पानांची धरली तर १२,५०० पानं, म्हणजे रोज ३४. पानाला दीड मिनिट धरलं तरी ५० मिनिटं. बेरीज १५५ मिनिटं, दोन तास पस्तीस मिनिटं. तुम्हाला रोज अडीच तास मिळतात असं तुम्ही म्हणता, म्हणजे कागदावर जवळजवळ बसलं. पण पळायला जाण्याआधी बूट बांधणं, आल्यावर अंग सैल करणं, आंघोळ, यात २५ मिनिटं जातात. बासरी काढणं-ठेवणं, वही-पेन्सिल शोधणं, अ‍ॅप उघडल्यावर मन भाषेवर येणं, याला आणखी पंधरा धरा. झाले सव्वातीन तास. वरचा पाऊण तास त्या नऊ आठवड्यांत कुठून आला? झोपेतून आला असेल, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून आला असेल. तो मुद्दा पुढे घेते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग तोच आहे.

म्हणून ‘आणखी काटेकोर वेळापत्रक’ या पर्यायाला माझं स्पष्ट नाही आहे. ज्या वेळापत्रकात आजारपणाला जागा नाही ते दोन वर्षांच्या मुलाच्या घरात टिकणार नाही. राहिला ‘काय सोडू’ हा प्रश्न. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हे कोणीतरी तुम्हाला ऐकवलं असेलच. मला ती म्हण या बाबतीत पटत नाही. माणसाला पाच गोष्टींची ओढ असणं हा दोष नाही. पाचही गोष्टी एकाच वेळी वाढवायला बघणं, तिथे गाडं अडतं.

हे वाढवणं आणि जपणं नीट वेगळं केलं की बाकीचं बरंच सोपं होतं. पळण्याच्या बाबतीत यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही प्रयोग केले. निरोगी तरुण माणसांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. दमसास चांगला वाढला. मग पुढचे पंधरा आठवडे व्यायाम कमी केला, पण प्रत्येक प्रयोगात कमी केली ती एकच बाजू. एकात सहा दिवसांचे चार किंवा दोन केले. दुसऱ्यात ४० मिनिटांची २६ किंवा १३ केली. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं तीच ठेवून जोर एक तृतीयांशाने किंवा दोन तृतीयांशांनी उतरवला. दिवस कमी केले तरी, मिनिटं कमी केली तरी शरीराची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकून राहिली. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. कमावायला सहा दिवस लागले ते टिकवायला दोन पुरले, एवढीच अट की त्या दोन दिवसांत कसर करायची नाही.

हे हृदय-फुप्फुसांबद्दल झालं. हातातल्या कलेबद्दल असं मोजमाप करून मी सांगू शकत नाही. पण १९ वर्षं माणसांचे हात बघून माझं मत असंच बनलंय. आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं बसून जो अवघड गोष्टीशी झटतो (आपल्याकडे रोखून आलेला हात, चुरगळलेलं कापड, मागून उजेड पडलेला चेहरा) त्याचा हात वर्षभर टिकतो. रोज दहा मिनिटं सोपं काढणाऱ्याची वही भरते, हात मात्र हळूहळू बोथट होतो.

हे मला स्वतःला उशिरा कळलं. एके वर्षी मी ३६५ दिवसांचा चित्रनेम धरला होता. पाचव्या महिन्यात एकदा सगळी पानं जमिनीवर मांडली. पहिल्या चाळीसेक पानांत धडपड दिसत होती: घड्या, सावल्या, गर्दीतली माणसं, फसलेलं पुष्कळ. त्यानंतर पेला, खुर्ची, माझा डावा हात, पुन्हा पेला. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटांत जे हमखास जमेल तेच मी निवडत गेले होते. नेम एक दिवसही मोडला नव्हता, आणि शंभराहून जास्त दिवस मी काहीही शिकले नव्हते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण चित्र काढणं ही माझी सर्वांत आवडती गोष्ट, आणि तिचंच मी हजेरीपुस्तक करून टाकलं होतं.

मोजणी आवडीचं काय करते, यावर १९७३ सालचा एक प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा. बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना त्यांनी निवडलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळात, बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी चित्रकलेला इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. तुमच्या अ‍ॅपवरची ‘सलग ६३ दिवस’ ही ओळ त्या प्रशस्तिपत्रासारखीच आहे. ती तुटली आणि भाषेकडे परत जायला कारण उरलं नाही, कारण बरेच दिवस तुम्ही भाषेसाठी अ‍ॅप उघडत नव्हताच, त्या आकड्यासाठी उघडत होता. ५० पुस्तकांचंही तेच होतं: जाड पुस्तक हातात घ्यावंसं वाटत असतं आणि माणूस पातळ उचलतो.

याचा अर्थ स्वतःला आव्हान देऊच नये असा मी काढत नाही. आव्हानाशिवाय बहुतेकांची प्रगती थांबते, माझीसुद्धा. आव्हान हे औषधासारखं, मुदतीत आणि मात्रेत घ्यायचं असतं. वर्गात मी हे असं मांडते: तुमच्या छंदांपैकी एका वेळी एकच चढणीवर, म्हणजे वाढवायचा. जास्तीत जास्त दोन सपाटीवर, म्हणजे नुसते जपायचे. बाकीचे बासनात.

चढणीवरच्या गोष्टीला मुदत हवी आणि ती आधी ठरलेली हवी. मी सहा आठवडे देते. शंभर दिवस ऐकायला छान वाटतात, पण शंभर दिवसांत घरात काहीतरी घडतंच. सहा आठवडे झाले की थांबायचं, काय जमलं ते बघायचं, आणि तीच चढण पुढे चढायची की दुसरी, हे नव्याने ठरवायचं. ज्यात शर्यत, परीक्षा किंवा कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते तिथे मुदत त्या तारखेने ठरते. नेम आठवड्यावर बांधायचा: ‘रोज’ असं न म्हणता ‘आठवड्यातून चार वेळा’. आणि ज्या आठवड्यात दोनदाच झालं, त्या आठवड्याचे उरलेले दोन पुढच्यात ढकलायचे नाहीत. थकबाकी नाही, हा माझ्या वर्गातला एकमेव कडक नियम आहे.

सवयीबद्दल लोक जे आकडे सांगतात त्यात एक गोष्ट नेहमी गळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. एखादी कृती अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता; वरचा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे.) तुमच्या कामाच्या दोन गोष्टी यात आहेत. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. आणि त्यातल्या ९६ जणांपैकी प्रत्येकाने एकच कृती निवडली होती, तीही पाणी पिणं किंवा थोडं चालणं यांसारखी साधी. तुम्ही पाच निवडल्या, त्यातल्या निदान तीन अवघड. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस. तुमची बासरी, पळणं किंवा रेखाटन अजून अंगवळणी पडलेलं नव्हतं, रोज इच्छाशक्तीने ओढत आणलं जात होतं. आठ दिवस ओढणारा माणूस मुलीच्या उशाशी बसला, आणि साहजिकच सगळं थांबलं. यात तुमची चिकाटी कमी पडली असं मला कुठेच दिसत नाही.

बासनाबद्दल जरा सांगते. एखादी गोष्ट बासनात गेली म्हणजे ती संपली, असं आपण बोलण्यात म्हणतो. पण पोथी बासनात गुंडाळतात ती जपून ठेवण्यासाठी. छंदही तसाच ठेवता येतो, फक्त ठेवताना दहा मिनिटं द्यायला हवीत. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहायचं: इथपर्यंत आलो, हे जमतं, हे अडतंय, परत आल्यावर पहिल्या दिवशी हे करायचं. सामान एका जागी, स्वच्छ करून. आणि अंदाजे कधी परत बघायचं तो महिना. माझ्या एका विद्यार्थिनीने जलरंग असे दोन वर्षं ठेवले होते. परत आली तेव्हा वहीत लिहिलेलं होतं, ‘ओल्या कागदावर रंग किती पसरेल याचा अंदाज चुकतोय, एकाच रंगाने सुरुवात कर.’ तिने तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात ती जिथे सोडलं होतं त्याच्या पुढे होती. जे चिठ्ठी न लिहिता सोडतात त्यांना परत येताना आधी लाज ओलांडावी लागते. ती फार उंच असते.

विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी श्रम पडतात हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं. स्वतः पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांच्या याद्या तो काही काळाने पुन्हा पाठ करी, आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजी. आठवत काहीच नाही असं वाटत असतानाही वेळ वाचत होता. तुमची भाषा बासनात ठेवायला घाबरू नका, असं मी म्हणते ते यामुळे.

आता तो नाजूक भाग. तुम्ही ‘मला रोज अडीच तास मिळतात’ असं लिहिलंय. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात वेळ मिळत नसतो, कोणीतरी तो देत असतं. तुम्ही पळायला गेलात त्या तासात मुलीजवळ कोण होतं? तुमच्या पत्नीने त्या नऊ आठवड्यांत स्वतःसाठी किती तास घेतले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुमच्या घरात हे नीट वाटलेलं असेल, मला माहीत नाही, आणि मी दोष देत नाहीये. पण माझ्या वर्गातून चांगले हात मधेच गळाले त्यांतले कितीतरी याच कारणाने गळाले. घरात बोलणं झालेलं नसतं, एकजण हळूहळू थकतो, आणि पहिल्या आजारपणात ते बाहेर येतं. मग छंदाला घरात अपराधाचा वास लागतो, आणि तो वेळापत्रकाने जात नाही. म्हणून काहीही सुरू करण्याआधी दोघांनी बसून आठवड्याचे तास मांडा. त्यांचे तास आधी लिहा, मग तुमचे. त्यांना तो वेळ छंदासाठी न वापरता नुसतं झोपायचं असेल तरी तो त्यांचा. जे ठरेल त्यात तुमच्या वाट्याला आठवड्याला सात तास आले तर सात तासांचाच बेत करायचा.

हे सगळं परिस्थितीनुसार बदलतं हेही सांगायला हवं. मुलं मोठी असतील, किंवा माणूस एकटा राहत असेल, तर सपाटीवर दोनाऐवजी तीन गोष्टी सहज मावतात. पाळ्यांची नोकरी असेल तर आठवडाही फार लहान पडतो. तिथे मी पंधरवड्याचा हिशेब ठेवायला सांगते. काहीजणांना दररोजचा नेमच मानवतो, ‘चार वेळा’ म्हटलं की ते चारही वेळा उद्यावर टाकतात. अशांनी रोज करावं, पण पाच मिनिटांचं. आणि गेला महिनाभर पाचांपैकी काहीच करावंसं वाटत नाही यासोबत झोप, भूक, एरवीच्या गोष्टींतला आनंद हेही उतरलं असेल, तर तो छंदांचा प्रश्न नाही. मग डॉक्टरांशी बोला, आणि हे सगळं तोवर बाजूला राहू द्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शर्यत १४ आठवड्यांवर आहे, म्हणून चढणीवर पळणं. त्यात शंका नको. अर्धमॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरसाठी रोज पळायची गरज नाही, आणि नव्या माणसाने रोज पळूही नये. आठवड्यातून तीनदा पुरे. तुम्ही सलग दहा किलोमीटरपर्यंत पोहोचला होता, पण मधे पाच आठवडे गेलेत. पहिले दोन आठवडे त्याच्या निम्मं, बोलता येईल इतक्या सावकाश. मग दहा आठवडे, एक दिवस लांबचा आणि दोन दिवस छोटे. लांबचा दिवस दर खेपेला एक-दीड किलोमीटरने वाढवायचा, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचा. सरावात १७-१८ किलोमीटर एकदा झालं की बस. शेवटचे दोन आठवडे पाय ताजे ठेवायला. नडगी किंवा गुडघा दुखून चाल बदलत असेल तर त्या दिवशी पळायचं नाही.

सपाटीवर बासरी आणि रेखाटन. दोन्ही आठवड्यातून दोनदा, पंचवीस मिनिटं. बासरीला पहिली पाच-सात मिनिटं दीर्घ स्वर, उरलेला वेळ जी जागा अडते तीच. रेखाटनाला मुलगी झोपलेली असताना मुलगीच काढा. दोन वर्षांच्या मुलाचं शरीर काढायला फार अवघड असतं, आणि ती काही तशी बराच काळ राहणार नाही. पुस्तकांचा आकडा पुसून टाका, पुस्तक मात्र उशाशी असू द्या. भाषा चिठ्ठी लिहून बासनात, शर्यतीनंतरचा महिना घालून.

बेरीज करा. दोन छोटी पळणी पाऊण-पाऊण तासाची, एक लांबचं सुमारे दोन तासांचं, तिन्हींची तयारी धरून पावणेपाच तास. बासरी, रेखाटन मिळून शंभर मिनिटं. आठवड्याला साडेसहा तासांच्या आत. तुम्ही आधी साडेसतरा तासांचा बेत केला होता. हे फार कमी आहे असं तुम्हाला पहिले दोन आठवडे वाटेल आणि मोकळ्या संध्याकाळी काहीतरी भरायचा मोह होईल. भरू नका. मुलगी पुन्हा आजारी पडेल तेव्हा ते तास लागणार आहेत.

आणि सुरुवात पळण्याने करू नका. आज रात्री बासरीची पेटी उघडा, कोरड्या कापडाने बासरी आतून-बाहेरून पुसा, आणि एकच स्वर श्वास पुरेल तितका धरा. पाच आठवड्यांनंतर फुंक नीट बसणार नाही, स्वर फाटेल. तरी पाच-सहा वेळा धरा आणि पेटी बंद करून झोपा.